वळवाच्या आधीचा वारा

आमच्या ह्यांना वादळाचं वेड आहे, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच की इरशाद रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो, भोरच्या बाजारात स्वतःचं दुकान आहे आणि मुलाला कसलंही व्यसन नाही. बाई गं, व्यसन परवडलं असतं! व्यसनी माणूससुद्धा आभाळ गडगडायला लागलं की घरात येतो. हे मात्र घरातून उठून पत्र्यावर चढतात. एकदा तर भरल्या ताटावरून उठले, हाताला रस्सा तसाच, आणि वरून मला हाका, "मेहनाज, लवकर ये, ढगाचा माथा बघ कसा ऐरणीसारखा पसरलाय!" मी खालून म्हटलं, "ती ऐरण घाला माझ्या डोक्यात, पण आधी जेवून घ्या."

दुकानाच्या पुढच्या अंगाला माझं एसटीडी बूथ होतं. मोबाईल नुकते कुठं दिसायला लागले होते, तेही बाजारातल्या दोन-चार बड्या लोकांच्या हातात. बाकी सगळा तालुका माझ्या काचेच्या केबिनमध्ये येऊन ओरडायचा. त्यामुळं माझे कान नेहमी किटलेले. त्यात मागं ह्यांच्या रेडिओची खरखर. स्टेशन लावायचं नाही, दोन स्टेशनांच्या मधे काटा नेऊन ठेवायचा आणि नुसती खरखर ऐकत बसायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, "इरशादभाई, स्वतःचाच रेडिओ दुरुस्त होत न्हाई व्हय?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एस.टी. स्टँडजवळ नेटकॅफे निघाला आणि वेडाला आणखी धुमारे फुटले. दुकान उघडायच्या आधी तिथं जाऊन बसायचं आणि कॉम्प्युटरवर काय बघायचं, तर अमेरिकेतल्या वादळांची रडारची चित्रं. आपल्याकडचं रडार त्या पडद्यावर काही उघडायचं नाही. उपग्रहाचं चित्र मिळायचं, पण ते उघडेपर्यंत इकडचा पाऊस पडून कपडेसुद्धा वाळलेले असायचे. अमेरिकेतलं मात्र ताजं. हिरवे, पिवळे, लाल डाग, दर थोड्या वेळानं सरकलेले. ओक्लाहोमातल्या खेड्यांची नावं ह्यांना तोंडपाठ. माझ्या मावशीच्या गावाचं नाव विचारा, आठवणार नाही.

एकदा मलाही नेलं. मी नाक मुरडतच गेले. पण खरं सांगते, तो लाल डाग एका गावाच्या नावाकडं सरकायला लागला तसा माझाही जीव वरखाली व्हायला लागला. कोण कुठली माणसं, आणि मी मनातल्या मनात म्हणतेय, आत जा गं बायांनो, कपडे काढा दोरीवरचे. घरी येईपर्यंत मी ह्यांना दहा प्रश्न विचारले. हे एवढे खूश झाले की वाटेत मला कलिंगड घेऊन दिलं.

तेव्हा मला त्या खरखरीचं कोडं उलगडलं. वीज कडाडली की रेडिओत खर्रकन आवाज येतो, ती वीज डोळ्याला दिसायच्या कितीतरी लांब असली तरी येतो. आता रेडिओ हळूहळू फिरवायचा. एका दिशेला आला की खरखर एकदम बारीक होते. त्या वेळी रेडिओची लांबट बाजू ज्या रेषेत असते, त्या रेषेत वादळ. फक्त पुढं आहे की मागं, आणि किती लांब, ते एका रेडिओला कळत नाही. त्याला दुसऱ्या गावात दुसरा रेडिओ लागतो. दोन रेषा नकाशावर जिथं एकमेकींना कापतील, तिथं वादळ. हेच आमच्या गरिबाचं रडार.

दुसरा रेडिओ विंझरला होता, गेनूदादांच्या दुकानात. गेनूदादा दुरुस्तीला म्हणून रेडिओ घेऊन आले आणि ह्यांच्या नादाला लागून परत गेले. विंझरच्या पुढं त्यांची वस्ती. रस्त्याला तोंड करून किराणा मालाचं दुकान, त्यात वस्तीतला एकुलता एक फोन, आणि दुकानाच्या मागं घर. उन्हाळ्यात आभाळ जमलं की फोन यायचा, "इरशाद, माझा रेडिओ राजगडाच्या डाव्या अंगाला बघतोय, तुझा कुठं बघतोय?" हे भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशावर दोन सुतळ्या ताणायचे. आणि माझ्या बूथमधलं गिऱ्हाईक बाहेर ताटकळत उभं!

गेनूदादांची बायको चंद्राबाई. माझ्याहून वयानं मोठी, तोंडानं तिखट. मला बहिणीसारखी वागवायची, पण त्या रेडिओवर तिचा भारी राग. फोन तिनं उचलला की आधी मला ऐकवायची, "मेहनाज, तुज्या नवऱ्याला सांग, आमचा म्हातारा आदीच कामाला जड, त्यात ह्या डबड्यानं पार बसवला. डबड्याला इचारून ढग येत्यात व्हय गं?" मी म्हणायची, "चंद्राबाई, तुम्ही एकाला सांभाळता, माझ्याकडं दुकानभर डबडी आहेत." मग दोघी हसायचो.

त्या वर्षी मे महिन्यात गेनूदादांच्या कमरेत उसण भरली आणि त्यांचा राब भाजायचा राहून गेला. ज्यांना भाताची शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची तिथं उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, झाडाचे टहाळे असे थर रचतात, वरून माती टाकतात आणि पेटवून देतात. त्याला राब म्हणतात. जमीन भाजली की तण मरतं, रोप जोमानं येतं. पण राब वाळलेला पाहिजे. पेटवायच्या आधी वळीव पडला तर सगळं भिजून जातं आणि वर्षाच्या भाताची सुरुवातच फसते. वस्तीतल्या सगळ्यांचे राब भाजून झाले होते. राहिला होता फक्त चंद्राबाईचा. तिनं एकटीनं डोक्यावरून टहाळे वाहून रचलेला.

हा राब होता घराच्या अगदी मागं. घर वरच्या अंगाला, पश्चिमेला, मग अंगण, अंगणात पेंढ्याची गंजी, त्याच्याखाली राब आणि राबाच्या खाली ओढा. एवढ्या जवळ आग लावायची भीती कशी वाटत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. तर चंद्राबाई म्हणाली, "अगं, वारा कायम घराकडनं वड्याकडं. म्या वड्याच्या टोकाला काडी लावते. जाळ वाऱ्याच्या उलटा सरकत सरकत वर येतो, मुंगीच्या पावलानं. ठिणगी उडाली तर वड्यात. माज्या सासूनं हितंच भाजला, तिच्या सासूनं हितंच." ती भाजायची सकाळी, वारा पडलेला असताना. हे सगळं नीट ध्यानात ठेवा.

तर तो दिवस. सकाळपासून अंगाची नुसती लाही. दुपारी जेवणं उरकली आणि किकवीच्या अंगाला, पूर्वेला, पांढरे ढग उभे राहायला लागले. हे रेडिओ फिरवत बसले. गेनूदादांचा फोन आला, सुतळ्या ताणल्या, दोन्ही जाऊन शिरवळच्या पलीकडं एकमेकींवर पडल्या. थोड्या वेळानं परत फोन, परत सुतळ्या, आता शिरवळवरच. मीही केबिन सोडून नकाशापाशी उभी. खरंच सरकत होतं हो! न दिसणारं वादळ आमच्या भिंतीवर चालत येत होतं.

"गेनूदादा, हे तुमच्याकडंच येणार," ह्यांचा आवाज चढलेला. "चारच्या सुमाराला विंझरवर पाऊस. लिहून घ्या!"

तिकडून चंद्राबाईनं फोन हिसकावला असणार, कारण तिचा आवाज मला बाहेरपर्यंत आला. "इरशादभाऊ, खरं सांगा. माझा राब राह्यलाय."

"वहिनी, खरं म्हणजे अगदी खरं. तासभर आहे तुमच्या हातात."

"मग आत्ताच पेटवते."

"पेटवा, वहिनी, पेटवा!" आणि फोन ठेवून ह्यांनी मांडीवर थाप मारली. इतकी वर्षं खरखर ऐकली, लोक हसले, आज पहिल्यांदा कुणीतरी त्या खरखरीवर भरवसा ठेवून उठलं होतं. ह्यांचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, जाऊ दे, उद्यापासून टोमणे मारायचे नाहीत. निदान दोन दिवस.

आणि मग बाजारात वारा सुटला. पाऊस नाही, काही नाही, नुसता वारा, आणि गार. समोरच्या कापडवाल्याच्या दारातल्या साड्या सगळ्या एकदम उलट्या दिशेनं फडफडल्या. धूळ, कागद, पिशव्या, सगळं किकवीकडून आमच्या अंगावर. भर मे महिन्यात हातावर शहारे. हे धावत रस्त्यात जाऊन हात पसरून उभे, डोळ्यांत धूळ जातेय आणि माणूस हसतोय!

"अहो, हा उलटा कसा? रोज तर तिकडून येतो," मी विचारलं.

"वादळाचा आहे हा!" हे ओरडूनच बोलत होते. "पाऊस ढगातून खाली पडताना गार हवा घेऊन पडतो. ती जमिनीवर आपटते आणि चहूकडं पसरते. वादळाच्याही पुढं पळते. अमेरिकेच्या रडारात बारीक रेघ दिसते बघ लाल डागाच्या पुढं, तीच ही. भोरात उभं राहून रेघ अंगावर घेतली, मेहनाज!"

"किती पुढं पळते?"

"खूप. हे एवढं मोठं असलं तर विंझरच्याही पुढं जाईल. गेनूदादांना सांगतो, रस्त्यात उभे राहा आणि मजा बघा..."

आणि बोलता बोलता थांबले. एकाच वेळी दोघांच्या डोळ्यांपुढं तेच आलं. घर, अंगण, गंजी, राब, ओढा. ओढ्याच्या टोकाला लावलेली काडी. आणि मागून येणारा हा वारा.

मी केबिनमध्ये कशी पोहोचले मला माहीत नाही. आत एक बाप्या पोरीच्या सासरी बोलत होता. त्याच्या हातातून मी सरळ फोन काढून घेतला. नंबर लावला तर एंगेज. परत लावला. परत एंगेज. हे दाराला धरून उभे. तिसऱ्यांदा घंटी वाजली आणि वाजतच राहिली. उचल गं बाई, उचल. या अल्लाह, उचलू दे.

"हॅलो, कोन?"

"चंद्राबाई, राब पेटवला का?"

"पेटवला की! झ्याक लागलाय. म्या पाणी प्यायला आले व्हते वर."

"चंद्राबाई, ऐका. वारा फिरतोय. आमच्याकडं फिरला. ओढ्याकडून घराकडं येणार. तुमचा जाळ घरावर येईल."

"काय बोलतीस! हितं पान हलंना."

"म्हणूनच सांगते ना! वारा पडला म्हणजे फिरायच्या बेतात आहे. अंगणाच्या कडेचा राब ओढून काढा. मधे मोकळी जमीन करा. जाळ तिथं थांबेल."

तिचं मन धजेना. का, ते मला कळत होतं. स्वतःच्या डोक्यावरून आणून रचलेला राब स्वतःच्या हातानं उसकटायचा, आणि तेही पान हलत नसताना, भोरातल्या एका बाईच्या सांगण्यावरून.

"चंद्राबाई, तुमच्या पाया पडते."

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. रिसीव्हर तसाच लोंबकळत राहिला असणार, कारण तिच्या हाका मला ऐकू येत होत्या. "अवं, दाताळं आना! खोरं आना! साळूबाई, अंबूबाई, पळा गं!" मग लांबून माणसांची गलबल. मग कसलीतरी सळसळ, वाढत वाढत मोठी झाली. आणि कुणीतरी बाप्या ओरडला, "फिरला रं! वारा फिरला!" मग एका बाईची किंकाळी. मग फोनमध्ये खर्रकन आवाज झाला आणि लाईन गेली.

आमच्याकडं तेव्हा गारांसकट पाऊस सुरू झाला. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी पावसाकडं पाठ केली. स्टुलावर बसून राहिले, दोन्ही हातांत डोकं. "मीच म्हटलं पेटवा. मीच म्हटलं," एवढंच चाललेलं. मी नुसता नंबर फिरवत होते आणि फोन मेलेला.

पाऊस ओसरल्याबरोबर आम्ही एम-एटी गाडी काढली. कापूरहोळ, नसरापूर, तिथून वेल्ह्याचा रस्ता. जागोजाग झाडं आडवी, चिखलात चाक फसतंय. विंझर मागं टाकलं तसा जळकट वास आला. ओल्या राखेचा. मी ह्यांचा सदरा मुठीत घट्ट धरला.

घर उभं होतं. कौलं जागच्या जागी होती. मी गाडीवरच रडायला लागले.

अंगणातली गंजी एका अंगानं काळी पडली होती. चंद्राबाई उंबऱ्यावर बसलेली, हात कोपरापर्यंत काळे, लुगड्याला भोकं पडलेली. राब आणि अंगण ह्यांच्यामधे बैलगाडी जाईल एवढी उघडी जमीन. जाळ तिथपर्यंत पळत आला होता आणि तिथंच थांबला होता. ठिणग्या उडाल्या त्या गंजीवर पडल्या. तेवढ्यात पाऊस आला म्हणून अर्धी तरी वाचली. ओढून काढलेल्या राबाचा ढीग बाजूला चिंब भिजत पडलेला.

आणि आमचे हे काय म्हणाले असतील? एवढा वेळ मेल्यासारखे बसलेले, घर शाबूत दिसल्यावर जीवात जीव आला आणि तोंडातून निघून गेलं, "गेनूदादा, चारलाच आला ना?"

मी असा चिमटा काढला की हे जागच्या जागी उडाले. गेनूदादा कमर धरून ओटीवर बसले होते.

"व्हय, चारलाच आला," चंद्राबाई म्हणाली. "पाऊस सांगितलात तसा आला. वाऱ्याचं का न्हाई सांगितलं?"

"डोक्यातच आलं नाही, वहिनी," हे म्हणाले. "मी पावसाच्याच मागं लागलो होतो. माझं चुकलं. हा रेडिओ मी परत नेतो."

चंद्राबाई ओढ्याकडं बघायला लागली. मग म्हणाली, "पर ह्यो वारा उलटा आला कसा? जन्म गेला हितं, असा न्हाई बघितला. का बघितला आनि समजला न्हाई?"

ह्यांनी आजूबाजूला बघितलं, तांब्या उचलला आणि सारवलेल्या ओटीवर उंचावरून पाणी ओतलं. पाणी खाली आपटलं आणि सगळीकडं पसरलं, चंद्राबाईच्या पायापर्यंत आलं. "असा," हे म्हणाले. "पाणी पडतं एका जागी, पण पाय आधी तुमचे भिजतात."

चंद्राबाई पायाकडं बघत राहिली. मग भरलेला हंडा पुढं सरकवून म्हणाली, "परत वता." ह्यांनी परत ओतलं. तिनं तिसऱ्यांदा ओतायला लावलं. आता गेनूदादाही वाकून बघायला लागले आणि मीही. बाहेर गंजी जळालेली आणि आम्ही चौघं ओटी भिजवत बसलेलो. रेडिओचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. तो फळीवर होता तिथंच राहिला.

त्यानंतर चार-पाच दिवस कडक ऊन पडलं. ओढून काढलेला राब चंद्राबाईनं पसरून वाळवला आणि पुन्हा रचला. अर्धाच होता, पण होता. एका सकाळी बूथचा फोन वाजला. हे नेटकॅफेत गेलेले.

"मेहनाज, काडेपेटी हातात घेऊन बसलीय. तुज्याकडं वारा कुठला?"

"चंद्राबाई, हे येतील एवढ्यात, त्यांनाच विचारा."

"त्यान्ला न्हाई, तुला इचारते. पेटवू का?"

मी रस्त्यावर आले. कापडवाल्याच्या साड्या बघितल्या, सरळ लोंबत होत्या. किकवीकडं बघितलं. एक पांढरा ढग, कोबीच्या गड्ड्याएवढा. त्याचं काय होणार कुणाला ठाऊक! दुकानात जाऊन रेडिओ लावला, दोन स्टेशनांच्या मधे. मधेच एक बारीक खर्र झालं. की झालंच नव्हतं? वीज असेल, का शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा? तिकडं ती बाई काडेपेटी घेऊन बसलेली. पेटव म्हणावं तर तिचं घर. नको म्हणावं आणि उद्या वळीव आला तर उरलासुरला राब. हा माणूस वर्षानुवर्षं हे कसं करत होता आणि वर हसत कसा होता?

"चंद्राबाई," मी म्हटलं, "आज नको."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग दिवसभर मी दारात. हे आले, मी सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. हसले नाहीत. बूथवर स्वतः बसले आणि मला म्हणाले, "जा, पत्र्यावरून नीट दिसेल." आणि मी, चार लोकांदेखत, साडी खोचून पत्र्यावर चढले. तो ढग वाढावा म्हणून मी दुवा मागितली. वळवानं यावं, वाऱ्यानं फिरावं, माझं म्हणणं खरं ठरावं. दुपारपर्यंत तो ढग विरघळून गेला. संध्याकाळी आभाळ असं स्वच्छ की त्यात बघायलाही काही उरलं नाही. एक दिवस फुकट घालवला मी तिचा, उगाचच्या उगाच.

दिवे लागायच्या वेळेला फोन वाजला. मला उचलायची हिंमत होईना. ह्यांनी उचलला आणि माझ्या हातात दिला.

"आला न्हाई," चंद्राबाई म्हणाली.

"नाही आला," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. उद्या सकाळी परत इचारते."